जित्या बापाचं सुतक

आमच्या घरात साधं बोलणंसुद्धा ओरडून व्हायचं. पवनीतल्या आमच्या विणकरांच्या गल्लीत घराघरांत जमिनीत खड्डा करून बसवलेले माग होते. सकाळी गल्लीभर ताणे पसरून सुताला भाताची खळ लावायचं काम चाले, त्याला पाजणी म्हणत. पाजणी वाळली की एकेक माणूस आपापल्या खड्ड्यात उतरायचा, आणि मग दिवेलागणीपर्यंत खटखट सुरू. माय रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसायची आणि तिथूनच चुलीकडं लक्ष ठेवायची. लाखोळीचं वरण उतू जायला लागलं की मला हाक मारायची, आणि ती हाक माझ्यापर्यंत पोचेस्तोवर वरण चुलीत गेलेलं असायचं. बाबांचे कान तर त्या आवाजात बसून बसून अर्धे गेले होते. त्यांना काही सांगायचं म्हणजे समोर जाऊन हातवारे करायचे. सगळं ऐकून झाल्यावर ते बहुधा 'हाव' एवढंच म्हणत. त्या एका 'हाव'चे अर्थ लावण्यात मायचा अर्धा संसार गेला.

अशा घरात मी गिटार आणली. तीही उभी धरून वाजवायची नव्हे, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी धरायची, ती तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या. नागपुरात माझ्या मामाच्या शेजारी ऑर्केस्ट्रातला एक म्हातारा वादक राहत होता. हातपाय थकल्यावर त्याने ती मला दिली, आणि दोन उन्हाळे समोर बसवून शिकवलीही. गल्लीत मी पहिल्यांदा ती मांडीवर घेतली तेव्हा शेजारच्या सुगंधाकाकू कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काय गा वसंता, इस्त्री करून राहिला का?" तेव्हापासून वर्षभर माझं नाव इस्त्रीवाला. बाबांनी एकदा येऊन गिटार उलटीपालटी करून पाहिली, लाकडावर टिचकी मारली, 'हाव' म्हणाले आणि पुन्हा खड्ड्यात उतरले. रियाज मी वैनगंगेच्या घाटावर करायचो, कारण गल्लीत मागांच्या आवाजापुढं मला माझंच ऐकू येत नसे.

दिवाळी झाली की आमच्या भागात मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात आणि मंडईच्या गावाला नाटक लागतंच. मी महादेवरावांच्या नाटक कंपनीत बसायला लागलो तेव्हा मला मिसरूड फुटून फार दिवस झाले नव्हते. दिवाळीपासून होळीपर्यंत एका मेटॅडोरमध्ये पडदे, पेटी, तबला, नट, नट्या आणि मी, असे आम्ही गावोगाव. गाव बदललं तरी झोप त्याच मेटॅडोरमध्ये, त्याच पडद्यांच्या गठ्ठ्यावर. दुपारी गावकरी आम्हाला घरोघरी वाटून जेवायला नेत. ज्याच्या वाट्याला पातोडीचा रस्सा आला तो संध्याकाळपर्यंत मिशीवरून हात फिरवत त्याचं वर्णन करायचा. ज्याच्या वाट्याला नुसती अंबाडीची भाजी आली तो त्याला शिव्या घालायचा. धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत भाताचं तणीस अंथरून लोक बसत, आणि आम्ही वाजवणारे रंगमंचाच्या पायाशी, लोकांच्या अगदी नाकासमोर. कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं, कोण झोपलं, सगळं आम्हाला दिसायचं.

आमच्या त्या वर्षीच्या नाटकात नायकाचा बाप मरतो. त्या प्रवेशात बोलणं जवळजवळ नव्हतंच. बाप खाटेवर, मुलगा पायाशी, आणि माझी गिटार. वरच्या सुरावरून कांडी सावकाश खाली आणायची, मध्ये एका जागी अडकल्यासारखं थांबायचं आणि मग सोडून द्यायचं. एवढंच काय ते. कंपनीत तिला मरणाची धून म्हणत. ती सुरू झाली की आधी बाया पदर डोळ्यांना लावत, मग पुरुष उगाच खोकत. पवनीच्या मंडईत आमचं नाटक झालं तेव्हा गल्लीतलं एकूण एक माणूस हजर होतं. फक्त बाबा नव्हते. त्यांचं म्हणणं, कानानं ऐकू येत नाही तर थंडीत जाऊन काय करू. दुसऱ्या दिवशी सुगंधाकाकूंनी मायच्या हातात गोड सुवाळ्यांची थाळी दिली आणि सांगितलं, "त्या इस्त्रीवाल्याले दे. लय रडवलं बाप्पा त्यानं." मी तेव्हा जमिनीवरून चालत नव्हतो.

जमिनीवर आणलं ते एका ऑर्गननं. महादेवरावांनी देसाईगंजकडच्या एका पोराला बोलावून त्याचा ऑर्गन आम्हाला दाखवला. पायपेटीचा जुना ऑर्गन नव्हे, बटणांचा. एक बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की सतार, आणि एक बटण त्याने माझ्याकडं बघत दाबलं, तर गिटार. हुबेहूब नव्हती. पण हुबेहूब ओळखणारे कान त्या बांधीत किती बसलेले असतात, हे मला ठाऊक होतं आणि महादेवरावांनाही. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "वसंता, लाखांदूरले आपल्यासमोर दुसरी कंपनी आहे. एकाच गावात, एकाच दिशी दोन नाटकं. तिथं माणूस कमी पडला तर आपली इज्जत जाते. तू असशील तर तूच बसशील. पण खाडा झाला, तर हा पोरगा बसन, आणि मंग मी त्याले उठवू शकत नाही. समजून राहिलास ना?" समजत होतं. त्या एका जागेसाठी मी मागावर बसायचं नाकारलं होतं. ती गेली तर मला मुकाट्यानं बाबांच्या शेजारच्या खड्ड्यात उतरावं लागणार होतं.

आणि नेमके त्याच आठवड्यात बाबा आजारी पडले. छातीत कफ भरला, दम लागायला लागला. डॉक्टरांनी घरी येऊन इंजेक्शन दिलं, मान हलवली आणि 'पाहू' म्हणाले. डॉक्टरांचं 'पाहू' ऐकून गल्ली आमच्याकडं येऊन जायला लागली. प्रत्येक जण बाबांच्या खाटेशी उभा राहून मायकडं अशा नजरेनं बघायचा, की माय शेवटी रहाट घेऊन मागच्या पडवीत जाऊन बसली. मी कंपनीकडून सुट्टी घेऊन घरी आलो होतो, आणि लाखांदूरचा दिवस उजाडला तेव्हा माझी बॅग भरून दाराशी तयार होती. माय म्हणाली, "जातो म्हणतोस तर जाय. पण तुया बाबाले झोप लागली आहे, उठले की तोंड दाखवून जाय." दुपारच्या एसटीला वेळ होता. आदल्या खेळात माझी एक तार तुटली होती, म्हणून नागपूरहून नव्या तारा मागवल्या होत्या. मी मागाच्या खोलीत बसून त्या चढवल्या.

नवी तार ओढून ओढून बसवावी लागते, नाहीतर ऐन प्रवेशात उतरते. ती बसली की नाही हे पाहायला वरपासून खालपर्यंत कांडी सरकवण्यासारखा दुसरा उपाय नाही. माझ्या हाताला त्या दिवसांत एकच वाट पाठ होती. मी मरणाची धून वाजवली. वाजवताना माझं सगळं ध्यान तारेत होतं. मध्ये थांबायच्या जागी तार किंचित उतरली, म्हणून पुन्हा वाजवली, पुन्हा उतरली, पुन्हा वाजवली. भिंतीपलीकडं सुगंधाकाकू त्यांचा माग थांबवून जेवायला बसल्या होत्या, हे मला कुठून कळणार!

आमच्या गल्लीत कोणी गेलं की माग थांबतात. त्यासाठी कोणी दारोदार सांगत हिंडत नाही. शेजारचा थांबतो, तो थांबला हे ऐकून त्याच्या पलीकडचा थांबतो, आणि बघता बघता गल्लीच्या टोकापर्यंत आवाज नाहीसा होतो. तार बसेना म्हणून मी बराच वेळ तीच धून घोळवत होतो, आणि मला एकदम माझी गिटार फार मोठ्यानं ऐकू यायला लागली. हात थांबवला. बाहेर काहीच नव्हतं. भर दुपारी आमच्या गल्लीत नदीकाठच्या टिटवीचा आवाज आला, तो मी जन्मात पहिल्यांदा घरात बसून ऐकला. कोण गेलं, असा विचार करत मी दाराशी आलो, तर सुगंधाकाकू खरकट्या हातानं आमच्याच दाराकडं येत होत्या, आणि मला बघून त्यांनी हंबरडा फोडला. त्यांच्यामागं गल्ली होती. कोणाच्या तरी खांद्यावर हिरवे बांबू होते. मी म्हणालो, "काय झालं, काकू?" तर त्या माझं डोकं छातीशी धरून म्हणाल्या, "रड रे लेकरा, रड. नुसता वाजवत बसू नको."

माझी धून ऐकून हे सगळे बाबा गेले असं समजलेत, हे तेव्हा मला कळलं. मी ओरडून सांगत होतो की बाबा झोपले आहेत, मी फक्त तार पाहत होतो. पण बापाच्या मरणानं पोराचं डोकं फिरलं असं समजून दोघांनी माझे दंड धरून ठेवले. मागच्या पडवीतून माय धावत आली. तिला वाटलं, आपण रहाटाशी बसलो तेवढ्यात खरंच काही झालं. ती खाटेकडं गेली आणि बाबांच्या अंगावर पडली. आजही तो क्षण आठवला की मला घाम येतो. कारण बाबा हलले नाहीत. माझ्या मनात आलं, ही सगळी माणसं बरोबर आहेत आणि मी एकटा चुकलोय. मी खोलीत तार पिळत असतानाच ते गेले. माझ्या धुनेवर गेले.

मग बाबांनी डोळे उघडले. कानांचं सांगितलंच, पण मागांचा आवाज त्यांना कानांनी नव्हे, जमिनीतून, खाटेच्या पायांतून कळत असे. त्यांनी आधी हात खाली सोडून भुईला लावला. बराच वेळ तसाच धरला. मग दारातली गर्दी पाहिली, बांबू पाहिले, आणि विचारलं, "कोन गेला?"

बांबू आणणारा माणूस ते पाठीमागं लपवायला लागला, आणि बांबू काय लपतात? माय रडत रडत हसायला लागली. बाबांनी सगळ्यांचे चेहरे एकेक करून बघितले आणि त्यांना समजलं. रागावले नाहीत. म्हणाले, "मंग माग काहून बंद?" सुगंधाकाकू म्हणाल्या, "दादाजी, आता कोनं आधी चालू करावं? कोनाचा हात होईन?" खरंच होतं ते. थांबलेले माग पुन्हा सुरू करायची रीत ज्याच्या घरी माणूस गेला त्याच्याकडून असते, अंत्यविधी आटोपल्यावर. इथं तर गेलेलं माणूसच खाटेवर बसून विचारत होतं. बाबा म्हणाले, "मले उचला."

मी आणि आणखी एकानं त्यांना दोन्ही बाजूंनी धरून खड्ड्यात उतरवलं. त्यांचं अंग तापानं भाजत होतं. छाती भात्यासारखी चालली होती. माय 'नको नको' म्हणत होती, पण तिकडं त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी धोटा घेतला, एक फेक टाकली, सूत ठोकायचा हात्या ओढला. थांबून श्वास घेतला. पुन्हा एक फेक. मला वाटत होतं ते आता त्याच खड्ड्यात माझ्यादेखत कोसळतील. तिसऱ्या फेकीला भिंतीपलीकडून सुगंधाकाकूंचा माग सुरू झाला, मग त्याच्या पलीकडचा, आणि हळूहळू सगळी गल्ली. बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "तू अजून गेला नाहीस?"

एसटी गेली होती. मी सायकल काढली. अर्ध्या वाटेत सायकलची चेन तुटली तेव्हा धानाच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रकवर चढलो, गिटार पोटाशी धरून. लाखांदूरला पोचलो तेव्हा सूर्य मावळायला टेकला होता आणि रंगमंचावर पूजेची तयारी चालली होती. आमच्याकडं पडदा उघडण्याआधी वाद्यांची पूजा होते. वाद्यं मांडतात, नारळ फोडतात, आणि जो वाजवणार त्यानंच आपल्या वाद्याला हळदकुंकू वाहायचं. मी धापा टाकत माझ्या जागेकडं गेलो तर तिथं ऑर्गन मांडला होता. महादेवराव मला पाहून धावत आले आणि मला मिठी मारून रडायला लागले.

आमच्या गल्लीतला भगवान लुगड्यांचं गाठोडं घेऊन लाखांदूरच्या बाजाराला निघाला होता. माग थांबले तेव्हा तो एसटी स्टँडच्या वाटेवर होता. बांबू नेणारा माणूस त्याला तिथंच भेटला आणि कोणासाठी नेतोय ते सांगून गेला. मी ज्या एसटीनं येणार होतो त्या एसटीत तो बसला, आणि इथं येऊन त्याने सगळ्या बाजाराला बाबा गेल्याचं सांगितलं. मी म्हणालो, "बाबा जिवंत आहेत, महादेवराव. मागावर बसून आहेत." ते माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "हाव बाबू, हाव. शांत हो." मी म्हणालो, "माझ्या डोक्यावर पाहा, केस आहेत!" तेव्हा ते माझ्यापासून एक पाऊल मागं सरले. "नाटकापायी तू केसही नाही काढले, गा?" मी म्हणालो, "शपथ घेतो बाबांची." त्यावर पेटीवाला हळूच म्हणाला, "गेलेल्या माणसाची शपथ कोनालेही घेता येते." भगवानला बोलावलं. त्याने माझ्याकडं दयेनं पाहिलं आणि म्हणाला, "मी सोताच्या डोयानं बांबू पाहिले, जी. हिरवे बांबू."

कोणी मला वाईट बोललं नाही, तेच तर वाईट होतं. एखाद्यानं शिवी दिली असती तर मी भांडलो असतो. तिथं नट्यांनी मला पाणी दिलं, पण पेल्यातून वरून ओतून, हात न लावता. महादेवराव म्हणाले, "सुतकात वाद्याले हात लावता येत नाही, तुलेही माहीत आहे. तेरा दिवस घरी राह्य. तुई जागा कोठी जाते?" तेवढ्यात त्या पोरानं बटण दाबलं आणि माझी धून वाजवून पाहिली. मधल्या थांबायच्या जागी तो थांबला नाही, सरळ खाली आला. मी तणसावर बसलेल्या बायांकडं बघत होतो. एकीनं पदर डोळ्यांना लावला. मी गिटारीची पेटी बंद केली आणि स्टँडवर जाऊन बसलो.

महादेवरावांचा शब्द खोटा नव्हता, पण तेरा दिवसांत तो पोरगा चांगला बसला आणि त्याला उठवणं कोणाच्या हातात राहिलं नाही. पुढं मी दुसऱ्या कंपन्यांत बसलो, केस पांढरे होईपर्यंत गावोगाव फिरलो, तो भाग निराळा. आता आमच्या गल्लीत एखाददुसराच माग चालतो आणि नात मला माझीच धून मोबाइलवर ऐकवते. मध्ये विचारत होती, आजोबा, रिंगटोन लावू का? मी म्हटलं, बाई, नको, मला अनुभव आहे.

लाखांदूरहून दुसऱ्या सकाळी पहिल्या एसटीनं मी घरी आलो तेव्हा बाबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. ताप उतरला होता. मायनं हातवारे करून त्यांना विचारायला लावलं, तर मी सगळं सांगितलं. ओरडून सांगावं लागलं, म्हणजे भिंतीपलीकडंही कळलंच. जागा गेली हे सांगितलं तेव्हा मला वाटलं ते आता शेजारच्या रिकाम्या खड्ड्याकडं बोट करतील. मी मान खाली घालून त्याचीच वाट पाहत होतो. बाबांनी दाराशी ठेवलेल्या गिटारीकडं बोट केलं. मग म्हणाले, "सगळ्या गल्लीनं आयकलं. मीच झोपून होतो. आन इकडं."

मी गिटार त्यांच्या खाटेवर आडवी ठेवली आणि भुईवर गुडघे टेकून बसलो. बाबांनी आपला उजवा तळहात तिच्या लाकडावर सपाट ठेवला, जसा काल भुईला लावला होता. मी तारेवर कांडी ठेवली पण सरकवायचं धाडस होईना. मी मायकडं पाहिलं. तिनं रहाट बाजूला सारला, उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि दारात जाऊन उभी राहिली. मी कांडी सरकवली. भिंतीपलीकडचा माग लगेच थांबला. बाबांचा हात लाकडावर होता, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. बाहेर पावलं वाजली. आणि दारातून मायचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"आहेत बाप्पा, आहेत! पोरगा वाजवून राहिला, अन् ते आयकून राहिले!"